वॉटर स्ट्रीटचे नंबर

कोरिन हॅडली नावाच्या बाईंचं पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं आणि नगर परिषदेच्या सभागृहातल्या त्या घडीच्या खुर्चीवर मी जरा जरी हललो तरी ते कुरकुरत होतं. निदान मला तरी तसं वाटत होतं. पत्र ऑक्टोबरात आलं होतं. आता एप्रिल लागला होता आणि मी अजून उत्तर दिलेलं नव्हतं.

"आज कुठवर मजल मारणार, एल्डन?" नगरसेवक क्लाइड बीसली कॉफीचा कागदी पेला घेऊन आपल्या खुर्चीकडे निघाला होता, तो माझ्यापाशी थांबला. "मागच्या खेपेला रेल्वे आली होती ना? आज निदान यादवी युद्ध तरी संपव बाबा. घरी बायको विचारते, शेवटी जिंकलं कोण म्हणून."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि लगेच स्वतःचाच राग आला. माणसानं आपली थट्टा होत असताना इतकं आज्ञाधारकपणे हसू नये.

थट्टा खोटी नव्हती, हे आणखी वाईट. रिज रस्त्यावरच्या घरांचे नंबर बदलण्याचा ठराव परिषदेपुढे तिसऱ्यांदा येत होता आणि मी तिसऱ्यांदा त्याविरुद्ध बोलणार होतो. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. पहिल्या खेपेला मी कॅप्टन शॅडविकची होडी ओहायो नदीतल्या वाळूवर रुतली तिथून सुरुवात केली. माणूस अडकला म्हणून गाव वसलं, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही समजत नाही, असं मला अजूनही वाटतं. पण वेळ संपला तेव्हा शॅडविकसाहेब जेमतेम होडीतून उतरले होते. दुसऱ्या खेपेला रेल्वेपर्यंत आलो. दोन्ही वेळा ठराव दुसऱ्याच कारणांनी पुढे ढकलला गेला. एकदा हिमवादळामुळे सभासद जमले नाहीत, एकदा सांडपाण्याच्या नळांवरून भांडण लांबलं. मी मात्र घरी येऊन, आपल्या बोलण्यामुळेच काही फरक पडला असेल का, याचा विचार करत बसलो. इतका मी भाबडा.

मी लायब्ररीत कारकून होतो. निवृत्त झाल्यावरही रोज जात असे, कारण तळघरात गावाच्या इतिहासाची एक खोली होती. आता त्या खोलीत लोकांना आयकराचे कागद भरून देतात आणि इतिहास जिन्याखाली खोक्यांत आहे. मी 'शॅडविक शहराचा इतिहास आणि भूगोल' या नावाचं एक पुस्तक लिहितो आहे. तीसेक वर्षं लिहितो आहे. इतिहास बराचसा झाला. भूगोल होत नाही. एखादं प्रकरण पुरं करावं तर तोवर खुर्च्यांचा कारखाना पाडलेला असतो, नाहीतर हमरस्ता गावाला वळसा घालून गेलेला असतो. मग पुन्हा पहिल्यापासून. मला कुणी विचारलं की पुस्तक कधी होणार, तर मी चष्मा पुसतो.

मिसेस हॅडलींचं पत्र एका पानाचं होतं. त्या पार पश्चिमेला, टाकोमाला राहतात. त्यांनी लिहिलं होतं: 'माझी आई इडा हिचा जन्म तुमच्या गावी ११८ वॉटर स्ट्रीट या घरात झाला. महापुरानंतर घर टेकडीवर ओढून नेलं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि त्या वेळी ती घराच्या आतच होती, असं ती सांगते. घर चालत होतं आणि आजी चुलीवर घेवड्याचं सूप करत होती म्हणे. आम्हा मुलांचा यावर कधीच विश्वास बसला नाही. आता आईचं वय झालं आहे आणि ती रोज एकच विचारते. ते घर आहे का? त्यावर ११८ हा नंबर अजून आहे का? लायब्ररीतून तुमचं नाव कळलं.'

याचं उत्तर त्याच संध्याकाळी लिहिता आलं असतं. घर आहे, माझ्या शेजारचंच आहे आणि दाराशेजारी निळ्या मुलाम्याच्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ११८ हा नंबरही आहे. पण त्याच आठवड्यात जिल्ह्याकडून नंबर बदलण्याची नोटीस आली. मला वाटलं, आज 'आहे' लिहायचं आणि पत्र टाकोमाला पोचेपर्यंत त्याचं 'होता' व्हायचं. एका म्हाताऱ्या बाईला असं अर्धवट खरं सांगू नये. ठराव हाणून पाडू आणि मग ठामपणे लिहू, नंबर आहे आणि राहील. असं म्हणत म्हणत हिवाळा गेला.

हे नंबर म्हणजे काय, ते इथं सांगतो. सभेत सांगता आलं नाही. एकोणीसशे सदतीस साली ओहायो नदी खालच्या गावात दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली. पाणी ओसरल्यावर लोकांनी ठरवलं की आता पुन्हा नदीकाठी राहायचं नाही. पण घरं लाकडी होती, आणि चांगली होती. मग ती जॅक लावून उचलली, खाली ओंडके घातले आणि खेचरं आणि ट्रॅक्टर लावून टेकडीवर ओढत नेली. जे घर आधी चढलं ते आधी लागलं. वॉटर स्ट्रीटचं घर आलं, त्याच्या शेजारी फ्रंट स्ट्रीटचं आलं, त्याच्या पलीकडे फेरी गल्लीतलं. प्रत्येक घर आपल्या पाटीसकट वर आलं आणि ती पाटी काढायला कुणी तयार होईना. घर, अंगण, बाग, नदी सगळं बदललं होतं. निदान नंबर तरी. त्यामुळे आमच्या रस्त्यावर ११८च्या शेजारी माझा २२, त्याच्या पलीकडे ५०३, समोर ९. परक्याला हा वेड्यांचा बाजार वाटतो. पण त्या ओळीत उभं राहिलं की कोण कुणाच्या मागोमाग टेकडी चढलं ते घरं मोजत सांगता येतं. दुसऱ्या कुठल्या गावात रस्ता असा वाचता येत असेल, असं मला वाटत नाही. चूकही असेन.

आणि यानं कुणाचं अडत नव्हतं. पोस्टमनला पाठ होतं. गावची अँब्युलन्स गावच्याच पोरांची होती. त्यांना नंबर लागायचाच नाही, 'रे स्टकीच्या घरी' म्हटलं की निघायची. अडलं कधी, तर जिल्ह्यानं अँब्युलन्सचे फोन घेणारं आमचं केंद्र बंद करून सगळे फोन चाळीस मैलांवरच्या गावात नेले तेव्हा. मला सभेत एवढंच सांगायचं होतं की चूक नंबरांची नाही, केंद्र बंद करणाऱ्यांची आहे. मी रिज रस्त्याचा एक नकाशाही काढला होता, प्रत्येक घर, प्रत्येक नंबर. तो प्रत्येक अँब्युलन्समध्ये ठेवा, म्हणजे झालं. दोन वाक्यं. ती दोन वाक्यं माझ्याच्यानं तीन सभांत बोलून झाली नव्हती.

"मिस्टर प्रूइट," डार्ला विटनं हाक मारली. डार्ला परिषदेची चिटणीस. तिच्यापुढे अंडी उकडताना लावतात तसलं कोंबडीच्या आकाराचं घड्याळ असतं. "नाव आणि पत्ता सांगा, नोंदीसाठी."

गेली चाळीस वर्षं ती मला ओळखते. पण नियम आहे.

"एल्डन प्रूइट. बावीस, रिज रस्ता."

"तीन मिनिटं," असं म्हणून तिनं कोंबडीची मान पिळली.

मी कार्डावर एकच शब्द लिहून आणला होता: पूर. थेट पुरापासून सुरुवात करायची, असं आरशासमोर उभं राहून ठरवलं होतं. पण क्लाइड समोर बसून गालातल्या गालात हसत होता. मला वाटलं, त्याचं यादवी युद्ध दोन वाक्यांत संपवून टाकावं, म्हणजे लोकही जरा हसतील आणि आपल्या बाजूचे होतील. दोन वाक्यांची आठ झाली. मला विनोद करता येत नाही. माझ्या विनोदांना तळटिपा लागतात.

मग पूर आला. पूर आल्यावर मात्र माझा आवाज बदलला, हे मलाही जाणवलं. घरं ओंडक्यांवरून कशी वर आली ते मी सांगू लागलो. चालत्या घराच्या धुरांड्यातून धूर निघत होता असंही सांगितलं. पत्रातल्या चुलीवरून सुचलं होतं ते, पण मी पत्राचं नाव घेतलं नाही. मागच्या रांगेतल्या खुर्च्यांचा आवाज थांबला. क्लाइडनं पेला खाली ठेवला. लोक खरंच ऐकत होते.

"आणि म्हणून," मी म्हणालो.

कोंबडी वाजली.

"एल्डन, फार छान," नगराध्यक्ष लॉइस टर्लिंगर म्हणाल्या. त्यांचं केस कापायचं दुकान आहे आणि कुणालाही तोडून बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. "खरंच सांगते, मला हे माहीतच नव्हतं. पण नियम म्हणजे नियम."

"फक्त एक वाक्य राहिलंय."

"तुझं एक वाक्य म्हणजे मला जेवायला आठ वाजणार," क्लाइड म्हणाला. या वेळी फारसं कुणी हसलं नाही, पण मी बसलो. 'आणि म्हणून' हे दोन शब्द माझ्या तोंडात तसेच राहिले, घास गिळता येऊ नये तसे.

"आणखी कुणाला बोलायचंय?" लॉइसबाईंनी विचारलं.

माझ्या मागून कुणीतरी उठलं. मी वळून पाहिलं, तर वर्ना.

वर्ना स्टकी माझी शेजारीण. तिचा नवरा रे मागच्या वर्षी फेब्रुवारीत गेला. ती सभेला येणार असल्याचं तिनं मला सांगितलं नव्हतं. अंगात रेचाच जुना तपकिरी कोट होता, बाह्या दुमडलेला.

"नाव आणि पत्ता," डार्ला म्हणाली, पण जरा हळू.

"वर्ना स्टकी. एकशे अठरा, रिज रस्ता." वर्ना माइकच्या फार जवळ उभी राहिली, म्हणून तिचा श्वासही ऐकू येत होता. "एल्डन सांगतो ते सगळं खरं आहे. असणारच. त्यानं वाचलंय. आणि मला माझा नंबर आवडतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी ती पाटी पुसायला लावली होती मला. तेव्हा मला कुणी सांगू नका नंबर काय असतो ते."

कोंबडीची टिकटिक चालू होती.

"रे स्वयंपाकघरात पडला तेव्हा मी फोन केला. एकशे अठरा म्हणून सांगितलं. त्या पलीकडच्या गावातल्या पोरीनं गाडी पाठवली, लगेच पाठवली, तिला मी बोल लावत नाही. गाडी रस्त्याच्या खालच्या टोकाला गेली, दफनभूमीपाशी, कारण तिथं एकशे सोळा आहे. एकशे सोळाच्या पुढे एकशे अठरा असणार, असं कुठलंही शहाणं माणूस समजेल. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला सायरन ऐकू येत होता. जवळ आला, जवळ आला आणि मग लांब जायला लागला." तिनं कोटाची बाही वर सारली. "डॉक्टर म्हणाले, वेळेवर आले असते तरी काही फरक पडला नसता. म्हणाले बुवा. पण तो आवाज लांब जाताना मी ऐकलाय. दुसऱ्या कुणाला तो ऐकायला लागू नये. बास, एवढंच."

तिनं कोंबडीकडे पाहिलं.

"माझी किती मिनिटं उरली, डार्ला?"

"दीडेक असेल."

"ती एल्डनला द्या. त्याला कधी पुरत नाहीत."

आमच्याकडे ही पद्धत आहे. आपला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येतो. पण लोक तो आपल्या बाजूच्या माणसाला देतात. विरुद्ध बोलणाऱ्याला दिलेला मी कधी पाहिला नव्हता. लॉइसबाईंनी डार्लाकडे पाहिलं, तिनं खांदे उडवले.

"या, मिस्टर प्रूइट."

मी उठलो. तीन सभा मी हाच वेळ मागत होतो. नकाशा हातात होता. 'चूक नंबरांची नाही' हे वाक्य तोंडपाठ होतं आणि ते आजही खरं आहे. पण माइकपुढे उभा राहिलो तेव्हा मला फक्त एक दूर जाणारा आवाज ऐकू येत होता. त्या दुपारी मी लायब्ररीत होतो, तरी तो ऐकू येत होता. 'आणि म्हणून' माझ्या तोंडातच होतं. आणि म्हणून काय, एल्डन? मी नकाशा उघडला, पुन्हा घडी घातली. पहिल्या रांगेतला एकजण खोकला. कोंबडी टिकटिकत राहिली. मी काहीही न बोलता तिथं उभा राहिलो आणि ती वाजली तेव्हा खाली बसलो. क्लाइडनं मान खाली घातली होती. तो काही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

ठराव मंजूर झाला. विरोधात एकही मत पडलं नाही.

बाहेर अजून उजेड होता. मी गाडी चालवत नाही, त्यामुळे पायीच निघालो होतो, तोच रेचा जुना ट्रक माझ्या शेजारी येऊन थांबला.

"बस आत," वर्ना म्हणाली.

"वर्ना, मला ठाऊक असतं की तू..."

"बस म्हटलं ना. घरी पर्सिमनच्या फळांचं पुडिंग आहे. एकटीला संपत नाही."

ट्रक टेकडी चढू लागला. मला तिचा राग आला होता का? आला होता, हे लिहायला हवं. तिनं माझी एवढ्या महिन्यांची धडपड दोन मिनिटांत संपवली होती, आणि तेही माझ्यावर उपकार करून. त्याहून जास्त राग आला होता तो या गोष्टीचा, की रागावायला मला कुणीच शिल्लक उरलं नव्हतं.

वर्नाच्या स्वयंपाकघराची जमीन नदीच्या बाजूला कललेली आहे. रिज रस्त्यावरच्या सगळ्या घरांचं तसंच आहे. वर आली ती घरं कधी सरळ बसलीच नाहीत. तिच्या चुलीच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी आहेत, तरी पुडिंग एका बाजूला जाड होतं आणि दुसऱ्या बाजूला पातळ. तिनं मला जाड बाजूचा तुकडा दिला.

मी खिशातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. का ठेवलं ते सांगता येणार नाही. बोलता येत नसलं की मी लोकांना कागद दाखवतो.

वर्नानं चष्मा लावून ते वाचलं. मग वरची तारीख वाचली.

"ऑक्टोबर?"

"हो."

"ऑक्टोबर, एल्डन! ती म्हातारी रोज विचारतेय आणि तू नगर परिषदेच्या ठरावाची वाट बघत बसलास?"

"मला खात्रीनं लिहायचं होतं."

"कसली खात्री? घर आहे. मी त्यात राहते. खिडकीतून हाक मारली असतीस तरी सांगितलं असतं."

तिला विचारणं म्हणजे नंबरांचा विषय काढणं होतं, आणि नंबरांचा विषय म्हणजे रेचा विषय. दोन घरांमध्ये हातभर बोळ आहे आणि तो ओलांडायला मला सहा महिने लागले होते. हे मी बोललो नाही. बहुधा तिला ते कळलं, कारण तिनं आणखी काही विचारलं नाही. ती पत्रातली एक ओळ बोटानं पुन्हा वाचत होती.

"घर चालत होतं आणि चुलीवर सूप होतं," ती म्हणाली. "याच चुलीच्या जागी. धुरांडं तेच आहे, म्हणजे चूल इथंच असणार."

"इथंच असणार."

तिनं पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. मग चुलीकडे. "एवढी टेकडी चढताना? सांडलं नसेल?"

"ते पत्रात नाही."

"मग विचार ना तिला."

"काय विचारू?"

"सूप सांडलं का ते. पुस्तकं लिहितोस आणि एवढं सुचत नाही? तिची आई आतमध्ये होती. तिला ठाऊक असेल. तिच्याखेरीज आता दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?"

मी तीस वर्षं त्या पुरावर वाचतो आहे. किती घरं वर आली, खेचरं कुणाची होती, ओंडके कुठून आणले, सगळं माझ्याकडे आहे. सूप सांडलं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तरीही पत्र लगेच गेलं नाही. मी लिहायला बसलो की कॅप्टन शॅडविकची होडी वाळूत रुतायची. तीन पानं व्हायची आणि घर अजून खालीच असायचं. कागद फाडायचा, नवा घ्यायचा. मे महिन्यात परिषदेची माणसं नव्या पाट्या घेऊन आली. हिरव्या रंगाच्या, गाडीचा दिवा पडला की चमकणाऱ्या. खालच्या टोकापासून वरपर्यंत, ओळीनं, चढत्या क्रमानं. वर्नाला १४५६ मिळाला. मला १४६०.

"जुनी पाटी ठेवायची असेल तर ठेवा, मिस्टर प्रूइट," पेचकस घेतलेला माणूस म्हणाला. "पण स्क्रू पार सडलेत हो. हलकेच काढतो."

त्यानं हलकेच काढली. तरी मुलामा तडकला आणि पाटी मधोमध मोडली. त्यानं दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. एकावर दोन आणि दुसऱ्यावर दोन.

"माफ करा हं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मी ते तुकडे टेबलाच्या खणात टाकले आणि खण इतक्या जोरात लावला की दिव्याची काच हलली. मग उगाच जाऊन काच नीट केली.

वर्नाची पाटी अख्खी निघाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारून दाखवली. तिनं ती स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या भिंतीवर लावली होती. जरा तिरकी.

"तिरकी लागलीय," मी म्हणालो.

"सरळच आहे. घर तिरकं आहे." ती हात पुसत माझ्याकडे वळली. "टाकलंस पत्र?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"चष्मा ठेव," वर्ना म्हणाली. तिनं ड्रॉवरमधून किराण्याच्या यादीची वही काढली, एक पान फाडलं, माझ्यापुढे ठेवलं आणि वर पेन आदळलं. मग चुलीवरच्या घड्याळाची खुंटी फिरवली. "तीन मिनिटं."

"वर्ना, असं कसं..."

"एल्डन प्रूइट. नाव आणि पत्ता ठाऊक आहे. लिही. होडी नाही, रेल्वे नाही."

मी लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधीच आलं नव्हतं. जे लिहिलं ते असं:

'प्रिय मिसेस हॅडली, घर आहे. तुमच्या आई सांगतात ते खरं आहे, घरं माणसांसकट वर आली. नंबर आता दारावर नाही. परिषदेनं बदलला. त्याला कारण होतं आणि ते खरं कारण होतं. ११८ची पाटी आत चुलीच्या वर लावली आहे. चूल तुमच्या आजींची होती त्याच जागी आहे. इथं आता वर्ना स्टकी राहतात. त्या विचारतात की टेकडी चढताना सूप सांडलं का. कृपया तुमच्या आईंना विचारून कळवा. उत्तराला उशीर झाला. तुमचा, एल्डन प्रूइट.'

घड्याळ वाजायच्या आत संपलं. वर्नानं ते माझ्या हातातून घेऊन वाचलं. एका ओळीपाशी ती जास्त वेळ थांबली. कारण होतं आणि ते खरं कारण होतं, ती ओळ असावी. मग तिनं घडी घालून कागद मला परत दिला.

"आता जा," ती म्हणाली. "पोस्ट बंद व्हायच्या आत."

टेकडी उतरताना मला वाटत होतं की पत्र फार त्रोटक झालंय. निदान पुराचं साल तरी घालायला हवं होतं. मिसेस हॅडलींची आई अजून आहे की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर ते मे हा नव्वदीच्या माणसाला लहान काळ नसतो. परत जाऊन एक पान जोडावं, असं दोनदा मनात आलं.

पोस्टात मी पाकिटावर टाकोमाचा पत्ता लिहिला. मग वरच्या डाव्या कोपऱ्यात, सवयीनं, माझं नाव घातलं आणि खाली २२ लिहायला लागलो. पहिला दोन झाला तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईनं मान वाकवली.

"नवा नंबर घाला, मिस्टर प्रूइट. नाहीतर उत्तर यायचं नाही. कंप्युटर परत पाठवतो हल्ली."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन, कारण ती मागे सरकली.

मी तो दोन खोडला. त्याच्या शेजारी, अगदी सावकाश, १४६० लिहिलं. तो आकडा मी पहिल्यांदाच हातानं लिहीत होतो आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा वाटत होता. पण सूप सांडलं की नाही, ते मला कळायला हवं होतं. वर्नालाही.

बाहेरच्या निळ्या पेटीचं झाकण ओढून मी पाकीट आत सोडलं. मग, आमच्या गावात सगळेच करतात तसं, झाकण पुन्हा एकदा उघडून वाकून पाहिलं. पत्र खाली गेलं होतं.